Explained : लघवीतून एकदाच रक्त आलं, दुखलंही नाही, तरी तपासणी का हवी?

अलिबाग : लघवी लाल झाली की रायगडच्या किनारपट्टीवर घरोघरी दोन निदानं तयार असतात. उन्हाळी लागली किंवा मुतखडा झाला. मग कुळथाचं पाणी, पाणफुटीची पानं, कोकम सरबत. दोन दिवसांत लघवीचा रंग पूर्ववत होतो आणि विषय संपतो. अनेकदा हे निदान बरोबरही असतं. पण किडनीच्या कर्करोगातही रक्त येतं, आपोआप थांबतं आणि गाठ आत वाढत राहते.

लक्षणं उशिरा का कळतात?

किडनी पोटाच्या मागच्या बाजूला खोलवर असते. त्यामुळे लहान गाठ जाणवत नाही. अनेक गाठी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. मुतखड्यात रक्तासोबत सहसा कळ येते. वेदना नसताना आलेलं रक्त म्हणूनच जास्त गांभीर्याने घ्यावं. मूत्राशयाच्या कर्करोगाचीही ती खूण असू शकते. धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाबामुळे किडनीच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

उपचार कसे होतात?

सीटी स्कॅनवर बहुतेकदा निदान होतं, प्रत्येक वेळी बायोप्सी लागत नाही. गाठ ४ सेंटिमीटरपर्यंत असेल तर शक्यतो तेवढाच भाग काढून किडनी वाचवली जाते. गाठ मोठी असेल तर अनेकदा पूर्ण किडनी काढावी लागते. दुसरी किडनी निरोगी असेल तर सहसा डायलिसिसची गरज पडत नाही.

आजार पसरल्यावर मात्र गणित बदलतं. या कर्करोगावर नेहमीची केमोथेरपी फारशी चालत नाही. सुनिटिनिब, पाझोपानिबसारख्या गोळ्या किंवा निवोलुमॅबसारखी इम्युनोथेरपी दिली जाते. या इम्युनोथेरपीमागच्या संशोधनासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. त्यामुळे अनेकांचं आयुष्य वाढलं, पण हे उपचार दीर्घकाळ चालतात आणि महागही आहेत.

कुठे जायचं?

सुरुवात लघवीची तपासणी आणि सोनोग्राफीने होते. गाठ दिसली तर परळचं टाटा स्मारक रुग्णालय आहे. टाटा स्मारक केंद्राचंच ‘ॲक्ट्रेक’ खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. कोणता उपचार योजनेत बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं.

मुद्दा काय?

धडधाकट माणसाने उगाच सोनोग्राफी करत सुटावं, असं नाही. कुळथाचं पाणीही जरूर प्यावं. पण लघवीत रक्त दिसलं तर ते थांबलं म्हणून तपासणी टाळू नये. होडीवर किंवा मजुरीवर जाणाऱ्याचा त्यात एक दिवस बुडेल. मात्र गाठ वेळेत सापडली तर किडनीही वाचू शकते आणि जीवही.