खेळ भरवणारा धर्मादाय, पाहणारा जुगारी!

इस्लापूरच्या एखाद्या शेतमजुराच्या मुलाने वानखेडे मैदानावर एकदा तरी सामना पाहावा, अशी इच्छा धरली तर तिचा हिशेब काय होतो? 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली होती. आयपीएलच्या हजार रुपये मूळ किमतीच्या तिकिटावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के कर बसतो, म्हणजे ते तिकीट 1,400 रुपयांना पडते. साडेचार दिवस माती खणावी तेव्हा चार तासांचा खेळ! किनवटहून मुंबईपर्यंतचे रेल्वेभाडे, तेथील मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा विचार यात केलेलाच नाही.

हा कर कोणत्या पंगतीतला आहे, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे. वस्तू व सेवा कराच्या याच 40 टक्क्यांच्या पायरीवर शासनाने कॅसिनो, जुगार आणि घोड्यांच्या शर्यती बसविल्या आहेत. आयपीएलचा सामना पाहणारा माणूस शासनाच्या लेखी चैनी आणि जुगारी यांच्या रांगेत उभा आहे. आणि खेळ भरवणारे? त्यांची गणना धर्मादाय कार्य करणाऱ्यांत होते! आयपीएलमधून पैसा मिळतो एवढ्यावरून क्रिकेट नियामक मंडळाची धर्मादाय म्हणून असलेली करसवलत काढून घेता येत नाही, असा निर्णय आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने नोव्हेंबर 2021 मध्ये दिला. त्याच मंडळाने 2023 ते 2027 या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटी रुपयांना विकले. असा हा धर्म आणि अशी ही दया!

"हा खाजगी व्यवहार आहे, परवडत नसेल त्याने जाऊ नये," असे उत्तर बाजारपेठेचे पुजारी देतील. पण हा व्यवहार खाजगी आहे हेच मुळात खोटे आहे. वानखेडे मैदानाखालची जमीन शासनाने भाडेपट्ट्याने दिलेली, म्हणजे जनतेची. सामन्याच्या दिवशी उभा राहणारा पोलीस जनतेच्या पैशातून पगार घेतो. त्या बंदोबस्ताचे शुल्क राज्य शासनाने जून 2023 मध्ये कमी केले आणि ही सवलत थेट 2011 पासून मागे नेऊन लागू केली. थकबाकीदारावर ही मेहेरनजर कशासाठी, असा प्रश्न 2024 साली मुंबई उच्च न्यायालयालाही शासनास विचारावा लागला. पीककर्जाचा एक हप्ता चुकला तर किनवट तालुक्यातील शेतकऱ्याच्या दारात वसुलीवाले उभे राहतात, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

वानखेडे मैदानाचा जन्मच मुळी तिकिटांच्या भांडणातून झाला. ब्रेबॉर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे होते. तेथील किती जागा मुंबई क्रिकेट संघटनेला द्यायच्या, यावरून दोघांत वितुष्ट आले आणि शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने संघटनेने स्वतःचे मैदान उभारले. जानेवारी 1975 मध्ये तेथे पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक पूर्ण केले तेव्हा त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक तरुण मैदानात धावला. पोलिसांनी त्याला बेदम मारले आणि सारा प्रेक्षकवर्ग खवळून उठला. परक्या संघाच्या खेळाडूचेही कौतुक करणारा तो प्रेक्षक होता. पाच दिवसांचे 'सीझन तिकीट' काढायचे, घरून डबा आणायचा आणि उन्हातान्हात बसून प्रत्येक चेंडू पाहायचा, ही त्याची निष्ठा. त्या निष्ठेचे पुढे काय मोल झाले? 2011 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. सुमारे 33,000 आसनांपैकी जेमतेम 4,000 तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली. बाकीची संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय परिषद, पुरस्कर्ते आणि मानकरी यांच्यात वाटली गेली. सभासदांच्या हक्कासाठी बांधलेल्या मैदानात जनता पुन्हा दाराबाहेरच राहिली.

ही लूट आपल्याकडचीच आहे असे नाही. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत फुटबॉलच्या हंगामी तिकिटासाठी आधी विद्यापीठाला 'देणगी' द्यावी लागते, मगच तिकीट विकत घेण्याचा अधिकार मिळतो. या सक्तीच्या देणगीतील 80 टक्के रकमेवर 2017 अखेरपर्यंत करसवलतही मिळत असे. ज्यांच्या खेळावर हा डोलारा उभा होता, त्या विद्यार्थी खेळाडूंना मात्र कित्येक दशके वेतन म्हणून एक छदामही मिळत नव्हता. पण प्रतिकारही होतो. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूल क्लबच्या मालकांनी 77 पौंडांचे तिकीट जाहीर करताच हजारो प्रेक्षक चालू सामन्याच्या 77 व्या मिनिटाला उठून बाहेर पडले. काही दिवसांतच मालकांनी क्षमा मागून दरवाढ मागे घेतली. संघटित प्रेक्षकांपुढे भांडवलालाही वाकावे लागते, हा त्याचा अर्थ.

स्वस्त तिकीट परवडत नाही, हे म्हणणेही टिकणारे नाही. 2025 च्या महिला विश्वचषकातील साखळी सामन्यांची तिकिटे 100 रुपयांपासून विकली गेली. त्यामुळे क्रिकेटचे दिवाळे वाजले नाही. भारतीय महिला नव्या मुंबईत विश्वविजेत्या झाल्या, त्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेले होते.

आपल्यातील काही साथी विचारतील की, मराठवाड्यात प्यायला पाणी नसताना ही तिकिटांची चर्चा कशाला? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला येत होती, त्याच सुमारास उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. सार्वजनिक साधनांवर पहिला हक्क जनतेचा, हेच तत्त्व त्यामागे होते. जे पाण्याला लागू, ते जमिनीला, पोलिसांना आणि मैदानावरील आसनांनाही लागू आहे. भाकरीसाठी लढणाऱ्याला आनंदाचा अधिकार नाही, असे समाजवादाने कधी म्हटलेले नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सार्वजनिक जमिनीवरील प्रत्येक मैदानात निम्मी आसने खुल्या विक्रीसाठी राखून ठेवावीत. त्यांपैकी काही हजार तिकिटांचा दर एका दिवसाच्या किमान मजुरीपेक्षा अधिक नसावा. मोफत तिकिटे कोणाला दिली, याची यादी प्रत्येक सामन्यानंतर प्रसिद्ध करावी. आणि हे मान्य नसेल, तर भाडेपट्ट्याची व बंदोबस्ताची पुरी रक्कम बाजारभावाने वसूल करावी. बाजाराचा नियम फक्त तिकीट घेणाऱ्यालाच का लावायचा?