प्रश्नावलीला कमी लेखू नका

‘डॉक्टरांना फॉर्म भरायला लावून बाळांचे काय भले होणार?’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सवाल मला पटला नाही. नवजात बाळांच्या शस्त्रक्रियेचा इतिहास नेमके उलटे सांगतो.

इवल्या जिवाला वेदना कळत नाहीत आणि भूल सोसत नाही, असे मानून कित्येक बाळांना केवळ स्नायू शिथिल करणारे औषध, फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड देऊन शस्त्रक्रिया होत. बाळ हलू शकत नसे, रडू शकत नसे. भोगत मात्र असे. इंदूरला वैद्यकी शिकलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास केला. १९८७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवले की फेंटानिल या वेदनाशामकाची जोड मिळालेल्या बाळांच्या शरीरावर कमी ताण येतो, गुंतागुंतही घटते.

पण एका प्रयोगाने सवयी बदलतात का? ते कळले डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून केलेल्या पाहणीतूनच. १९८८ मध्ये ब्रिटनमधील बालभूलतज्ज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. बाळाला वेदना होतात हे बहुतेकांना मान्य होते, तरी मोठ्या शस्त्रक्रियेनंतर प्रभावी वेदनाशामक नियमित देणारे थोडेच निघाले. माहिती आणि कृती यांतली ही दरी कोणत्याही केसपेपरवरून दिसली नसती! पुढे नव्वदीच्या दशकात तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा चित्र खूपच पालटले होते.

आपल्याकडच्या शल्यविशारदांना आणि भूलतज्ज्ञांना माझी कळकळीची विनंती आहे : अशी प्रश्नावली आली तर बाजूला टाकू नका, खरीखुरी उत्तरे लिहून पाठवा.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली