बघायची फाईल, कापायची फाईल

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. कुणी ‘एकोणसत्तर’ म्हटलं की अजूनही दोन सेकंद विचार करावा लागतो. त्यामुळे शुद्धलेखनाची जबाबदारी संपादक मंडळाची, मताची माझी. आणि मत असं, की एक्सपोर्टचं बटण दाबण्याआधी एकच प्रश्न विचारायचा : समोरचा ही फाईल बघणार आहे, की कापणार आहे?

औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत माझ्या मावसभावाचा एडिटिंग स्टुडिओ आहे. दोन कॉम्प्युटर, एक एसी (तो कॉम्प्युटरसाठी, आमच्यासाठी नव्हे). सुट्टीत मी तिथेच पडीक असते. लग्नं, एकांकिका, कॉलेजच्या पोरांच्या शॉर्ट फिल्म, सगळं येतं. आणि प्रत्येकाची मागणी एकच, “दादा, एमपी४ करून द्या ना.” अहो, एमपी४ हा नुसता डबा आहे! आत पुरणपोळी आहे की कालची खिचडी, हे झाकणावरून कळत नाही.

आत बहुतेक वेळा असतं एच.२६४. हे स्टँडर्ड २००३ साली आलं आणि फारच हुशार निघालं. ते एक फ्रेम पूर्ण साठवतं, पुढच्या फ्रेम्सचा फक्त फरक लिहून ठेवतं. सरळ बघत गेलात तर झकास. पण एडिटरला मधलीच फ्रेम हवी असते. मग कॉम्प्युटर मागे जातो, पूर्ण फ्रेम शोधतो, तिथून हिशोब करत पुढे येतो, आणि टाइमलाइन बैलगाडीसारखी चालते. अ‍ॅपलचं प्रोरेझ (२००७) किंवा अ‍ॅव्हिडचं डीएनएक्सएचआर प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतं. किंमत जागेत मोजायची. फुल एचडी, २५ फ्रेम्सवर प्रोरेझ ४२२ सेकंदाला साधारण १२२ मेगाबिट घेतं, म्हणजे तासाला ५५ जीबी. तोच तास ५ मेगाबिटच्या एच.२६४ मध्ये सव्वादोन जीबीत बसतो.

म्हणून “कशाला डोकेफोड, हाय क्वालिटीच पाठव” हेही मला पटत नाही. वधूच्या काकांना मोबाईलवर ५५ जीबी पाठवून काय उपयोग? ते बघणारच नाहीत. बघायची कॉपी लहानच हवी. एक्स२६४ वापरत असाल तर सीआरएफ २० च्या आसपास ठेवा (आकडा जितका कमी तितकी क्वालिटी जास्त, हे आधी सगळ्यांना उलटं वाटतं), फ्रेम रेट मूळचाच ठेवा. आणि चित्रावर टाइमकोड छापलेला असू द्या. तो नसला की फीडबॅक येतो, “ते मामा हसतात ना, त्याच्या जरा आधी कापा.” चार मामा आहेत हो लग्नात, आणि चौघंही हसतात!

कापायच्या फाईलवर मात्र टाइमकोड, लोगो काहीही छापायचं नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेस न केलेला. मोबाईलचं शूटिंग असेल तर फ्रेम रेट कॉन्स्टंट करून द्या, कारण मोबाईल तो मनाप्रमाणे कमीजास्त करतो आणि मग ओठ पुढे, आवाज मागे. आणि एक गैरसमज : आठ बिटचं ४:२:० फूटेज प्रोरेझ केलं म्हणून त्यात गेलेले रंग परत येत नाहीत. फाईल फुगते, एडिटिंग सोपं होतं, बस्स.

गेलेलं परत येत नाही, हे मी उन्हाळ्यात बघितलं. एका कॉलेजचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्यांच्या ग्रुपने हिमरू विणणाऱ्या एका आजोबांची मुलाखत घेतली होती. क्लिप्स व्हॉट्सअ‍ॅपवरून एकमेकांना पाठवल्या, आणि फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ क्लिप्स डिलीट. मध्यंतरी आजोबा वारले. आवाज ठीक होता, चेहरा कळत होता. पण मागावरची बोटं हलली की नुसते चौकोन, आणि कापडावरची बारीक बुट्टी म्हणजे रंगाचा लगदा. कॉम्प्रेशन सगळ्यात आधी बारीक तपशील आणि जलद हालचाल खातं, आणि मुलाखत तर त्या दोन्हींसाठीच घेतली होती. दादाने बराच वेळ खटपट केली. मग गप्प बसला.

फिल्मच्या काळात हे सगळ्यांना माहीत होतं. एडिटर वर्क प्रिंट कापायचा, निगेटिव्हला शेवटपर्यंत कुणी कात्री लावायचं नाही, आणि थिएटरला जायची ती तिसरीच प्रिंट. आपल्याकडे तिन्ही कामं एकाच फाईलवर, तीही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या. आणि आपण इंजिनिअर! डीसीटी, क्वांटायझेशन आपण आठ मार्कांसाठी पाठ करतो. क्वांटायझेशन म्हणजे कुणाच्या तरी बोटांचे चौकोन, हे कुठल्याच नोट्समध्ये नाही.

आता मुद्द्याचं. गॅदरिंगचं मूळ शूटिंग जपून ठेवायला कॉलेजने हार्ड डिस्क घ्याव्यात. तीन संध्याकाळी, रोजचे चार तास, दोन कॅमेरे म्हणजे २४ तास. कॅमेरा ५० मेगाबिटवर असेल तर तासाला साडेबावीस जीबी, एकूण ५४० जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क पुरतात, एक एडिटिंगला, दुसरी लायब्ररीच्या कपाटात. मंडपाच्या बिलात हा खर्च दिसणारसुद्धा नाही.