बेकारीचा विमा की विम्याची बेकारी?

बेकारास भत्ता दिला की तो आळशी होतो, हे मत पनवेलच्या सुशिक्षित घरांतून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याचा एकदा हिशेबच मांडावा असे आम्हांस वाटते.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाने जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू केली. नोकरी गेलेल्या विमेदार कामगारास सरासरी रोजाचा चौथा हिस्सा, फार तर नव्वद दिवस, आणि तोही जन्मात एकदाच देण्याचे तीत ठरले. २०२० च्या महामारीत हा हिस्सा निम्म्यावर नेण्यात आला. आपल्या तालुक्यातील तळोज्याच्या वसाहतीत दरमहा १८,००० रुपये मिळविणारा कामगार घ्या. निम्म्या दरानेही त्याच्या पदरी सुमारे २७,००० रुपये पडतील. पुढे उभ्या आयुष्यात काही नाही. एवढ्या रकमेवर जो आळशी होऊन दाखवील, त्याचा आम्ही जाहीर सत्कार करू!

लबाडी होऊ शकत नाही, असे आमचे म्हणणे नाही. कागदोपत्री कामावरून कमी झालेला मनुष्य अन्यत्र रोखीने राबू शकतो. मालकही त्यास सामील असू शकतो. परंतु योजनेने यावर उपाय तरी कोणता योजिला? प्रारंभी अर्ज जुन्या मालकामार्फतच जावा, असा नियम होता. संगनमत करणाऱ्यास ही सही सुलभ. भांडून निघालेल्या प्रामाणिकास मात्र दुर्लभ. २०२० साली ती अट गेली, हे ठीक झाले. तथापि स्वेच्छेने नोकरी सोडणारा अपात्र, हा नियम राहिलाच. आणि ‘स्वेच्छा’ कोणाची, हे ठरविणारा कागद मालकाच्याच दप्तरात! शिवाय दोन वर्षांची विमापात्र नोकरी हवी, लगतच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी. ठेकेदार बदलला की ज्याचे काम तुटते, त्याने हे दिवस कोठून आणावेत? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

ब्रिटनने १९११ च्या कायद्यात पाच आठवड्यांच्या वर्गणीस एक आठवड्याचा भत्ता, वर्षाकाठी पंधरा आठवड्यांपर्यंत, असे प्रमाण बांधले होते. जितकी वर्गणी तितका हक्क. पुन्हा वर्गणी, पुन्हा हक्क. फुकट्यास आळा आणि कष्टाळूस आधार, दोन्ही एकाच नियमात साधतात. विमा म्हणतात तो यास. दरमहा वर्गणी घ्यावयाची आणि जन्मात एकदाच हात सैल करावयाचा, यास आम्ही विमा म्हणत नाही. दानधर्म म्हणतो, आणि तोही कामगाराच्याच पैशातून!

शेवटी एक कटू प्रश्न. कामगाराकडून ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असे लिहून घेणारी लेखणी कोणाच्या हाती असते? ती आपल्याच घरांतून सकाळी डबा घेऊन कचेरीस जाणाऱ्याच्या हाती असते. बेकाराच्या आळसाची चर्चा करण्यापूर्वी त्या एका ‘स्वखुशी’चा जाब आपण स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.