काच पुसणाऱ्याच्या बादलीचा हिशेब



मागच्या उन्हाळ्यात पवईकडच्या एका उंच सोसायटीत लिफ्टशेजारी सूचना चिकटवली होती. पाणीकपात सुरू असल्याने काचा पुसणाऱ्या आणि गाड्या धुणाऱ्या कामगारांनी आवारातील नळ वापरू नयेत, असा मजकूर. खाली निळ्या थेंबाचे चित्र आणि ‘पाणी म्हणजे जीवन’. पोहण्याचा तलाव त्या दिवशी काठोकाठ भरलेला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आमच्या गोवंडीच्या वस्तीतली पाच पोरे तिथे दोरीवर होती. सकाळी आठला गच्चीवरून उतरायला सुरुवात केलेली, दुपारी दोनला जमिनीला पाय लागले. रिकाम्या बाटल्या घेऊन ती गेटजवळच्या नळावर गेली तर वॉचमनने नळाची चावीच काढून नेलेली. म्हणाला, “सेक्रेटरी साहेबांना विचारा.” साहेब खाली आले आणि पोरांना नव्हे, त्यांच्याबरोबरच्या पंचेचाळिशीतल्या काकांना म्हणाले, “तू समजदार आहेस ना? पाण्याची काय परिस्थिती आहे शहरात, पेपर वाचत नाहीस का?” काका “हो साहेब” म्हणाले. पोरांनी रस्त्यावरच्या टपरीतून वीस-वीस रुपयांच्या बाटल्या विकत घेतल्या. त्या दिवशीची हजेरी किती होती हे इथे लिहीत नाही, पण पाण्याचा खर्च त्यातून गेला एवढे समजून घ्या.

वॉचमनवर आमचा राग नाही. त्याचीही नोकरी त्या कागदाला बांधलेली आहे. राग आहे तो त्या निळ्या थेंबावर.

आधी काम काय असते ते पाहू, कारण ज्यांच्या घराच्या काचा पुसल्या जातात त्यांनाही ते माहीत नसते. दोरीवरचा माणूस कमरेला एक बादली अडकवून उतरतो. वजन जास्त झाले तर तोल जातो, म्हणून बादली लहान, आणि तीही पूर्ण भरत नाहीत. त्यात थोडा साबण. कापडी दांड्याने काच ओली करायची, वरून खाली रबरी वायपर ओढायचा, कडा फडक्याने टिपायच्या. एवढ्या पाण्यात किती काचा होतात, असे आम्ही काकांना विचारले तेव्हा ते हसले. “पाणी कमी पडत नाही रे, हात दुखतात म्हणून थांबतो,” म्हणाले. चालू शॉवरखाली मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. म्हणजे दोरीवरचा माणूस कमरेला जेवढे पाणी घेऊन उतरतो, तेवढे आतल्या बाथरूममध्ये पाणी गरम व्हायची वाट पाहण्यात वाहून जाते. तरी हिशेब बादलीचा.

काच पुसण्याची कला ही मुळातच कमी पाण्याची कला आहे. जास्त पाणी म्हणजे जास्त ओघळ, आणि उन्हात ओघळ वाळला की डाग. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कळते. ग्राहकाला मात्र कळत नाही. खिडकीतून ताई ओरडतात, “भैया, पाणी मारा ना नीट! नुसतं पुसताय काय?” बादलीभर पाणी भिंतीवरून धबाधबा खाली गेले की त्यांना काम झाल्यासारखे वाटते. कमी पाण्यात काम केले की संशय येतो, हा कामचोर आहे, पैसे बुडवतो आहे. म्हणून मग सुपरवायझरच सांगतो की शेवटी एकदा पाइपने मारा, कस्टमर खूश होतो. त्याच कस्टमरच्या सह्या त्या सूचनेखालीही असतात.

हे अज्ञान आहे असे समजून आमचे काही मित्र जनजागृतीची पोस्टर करायला निघतात. आमचे मत वेगळे आहे. वाहत्या पाण्याशिवाय स्वच्छ झाल्याचे समाधान न होणे, ही सवय या देशात कुठून आली ते आपल्याला पाठ आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि नंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या 108 घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. पिण्याच्या पाण्यात शेण ओतून ते शुद्ध होते, असे मानणारी बुद्धी घाण आणि विटाळ यांत फरक करत नाही. आज शेणाच्या घागरी गेल्या. घरकाम करणाऱ्या बाईने घासलेले भांडे मालकिणीने पुन्हा नळाखाली धरणे राहिले. काच पुसणाऱ्याचा हात लागलेली खिडकीची चौकट आतून परत धुणे राहिले. हे आम्ही घरकामगार बायांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आता मोजत नाही. या दुबार धुण्यात जाणाऱ्या पाण्याची नोंद कोणत्याही पाणीबचत मोहिमेत नसते.

त्यातून आणखी एक गोष्ट निघते. कपात झाली की सोसायट्या टँकर मागवतात. टँकरचे पाणी बहुधा बोअरचे, क्षारांचे. तेच पाणी काचेवर वाळले की पांढरे चट्टे पडतात आणि साबणाने निघत नाहीत. मग आम्लाच्या बाटल्या येतात. बाटलीवर हातमोजे, चष्मा घाला असे छापलेले असते, पण मोजे कंत्राटदाराने द्यायचे की सोसायटीने, यावर दोघेही बोट एकमेकांकडे दाखवतात. आमच्या एका पोराच्या उजव्या हाताच्या तीन बोटांची कातडी गेली. ते आम्ल भिंतीवरून ओघळून पावसाळी गटारात गेले, गटार खाडीत गेले, आणि खाडीच्या काठावर कोणाच्या वस्त्या आहेत ते मानखुर्दला येऊन पाहावे. म्हणजे ग्राहकाला हवी असलेली चकाकी पर्यावरणाच्या खात्यात कुठे जमा होते? पोराच्या बोटांवर आणि आमच्या खाडीवर. आणि मुळात मुंबईसारख्या उष्ण, दमट, बांधकामाच्या धुळीने भरलेल्या शहरात इमारतीला नखशिखांत काच लावायची, ती तापली म्हणून एसी वाढवायचा, धूळ बसली म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी माणूस दोरीवर सोडायचा, हा निर्णय त्या माणसाने घेतला होता का?

आता शहराचे आकडे. मुंबईला रोज सुमारे 3,900 दशलक्ष लिटर पाणी मिळते. महापालिकेच्या नियोजनात इमारतीतल्या माणसाला दिवसाला 135 लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला 45 लिटर असा निकष वर्षानुवर्षे वापरला गेला. तिसरा हिस्सा. हा फरक निसर्गाने केला नाही, टेबलावर बसून केला. 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अनधिकृत झोपडीत राहतो म्हणून कोणाला ते पूर्ण नाकारता येणार नाही. पण त्याच निकालात हेही म्हटले गेले की अधिकृत घरात राहणाऱ्याच्या बरोबरीने मागता येणार नाही. ‘सर्वांसाठी पाणी’ हे महापालिकेचे धोरण यायला 2022 उजाडले. धोरण आले, आमच्या गल्लीत अजून रात्री दोनला हंडे लागतात. दिवसभर दुसऱ्याच्या काचा पुसून आलेला पोरगा रात्री हंड्याच्या रांगेत बसतो, आणि त्याला कोणीतरी पाण्याचे महत्त्व शिकवतो!

ही साखळी मुंबईच्या हद्दीवर संपत नाही. तानसा, भातसा, वैतरणा ही धरणे शहापूरच्या परिसरात आहेत, आणि दर उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांना टँकर लागतो. तेच पाणी शंभर किलोमीटर येऊन मुंबईतल्या फ्लॅटमध्ये आरओ यंत्रात शिरते. हे यंत्र एक लिटर शुद्ध करायला साधारण तीन लिटर फेकते. ज्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओची गरज नाही, बंदी घाला, असे राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच म्हटले होते. तलावांचे पाणी या मर्यादेच्या बरेच खाली असते. तरी मुंबईच्या घराघरांत यंत्र चालू आहे. त्या फेकलेल्या पाण्यात आमच्या पोरांना एका मजल्याच्या काचा ओल्या करता येतील. मागून पाहिले. उत्तर मिळाले, “घरात कसं येऊ देणार?”

कोणी म्हणेल, यात जात कुठे आली? दोरीवर मुसलमान पोरे आहेत, बिहार-बंगालची आहेत, क्वचित मराठाही आहे. खरे आहे. आम्ही गरिबीला जातीचे दुसरे नाव देत नाही. पण श्रीमंतांचा पाण्याकडे पाहण्याचा जो चष्मा आहे, तो जातीच्या काचेचा आहे. पाण्याला जो हात लावतो तो पाण्याचा मालक नसतो, आणि जो मालक असतो तो हात लावत नाही. कामाची लिफ्ट वेगळी, कामाचा संडास तळघरात किंवा नाहीच, आणि कपात आली की पहिला बंद होणारा नळ कामगारांचा. हे सगळे करताना कोणाला कोणाची जात विचारावी लागत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे.

समाजशास्त्रात अमिता बाविस्कर यांनी दिल्लीच्या अनुभवावरून ‘बुर्ज्वा पर्यावरणवाद’ असा शब्द वापरला. स्वच्छ हवा आणि हिरवळ यांच्या नावाने गरिबांनाच शहराबाहेर ढकलणारा पर्यावरणवाद. मुकुल शर्मा यांनी ‘कास्ट अँड नेचर’ या 2017 च्या पुस्तकात भारतीय पर्यावरणविचाराला दलितांचा पाण्याशी, जमिनीशी असलेला संबंध कसा दिसतच नाही हे दाखवले. एम. ए. च्या वर्गात आम्ही हे वाचले तेव्हा ते दिल्लीचे आणि पुस्तकाचे वाटले होते. पवईच्या लिफ्टशेजारी ते एका पानावर टाइप करून चिकटवलेले सापडले.

सेक्रेटरी साहेबांचा शेवटचा मुद्दा होता की हे सोसायटीचे खासगी पाणी आहे. इथे जरा थांबू या, कारण हा मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. महाडच्या सवर्णांनी डिसेंबर 1927 मध्ये कोर्टात हाच दावा केला होता. तळे सार्वजनिक नाही, खासगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे. नगरपालिकेने 1924 मध्येच ते सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तरीही. बाबासाहेबांनी ती लढाई दहा वर्षे लढली आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयात जिंकली. पुढे संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट आले, पण ते शासनाच्या पैशातून चालणारे किंवा जनतेसाठी दिलेले. धरण शासनाचे, जलवाहिनी महापालिकेची, शुद्धीकरण केंद्र जनतेच्या पैशाचे. पाणी सोसायटीच्या मीटरमधून आत गेले की एका फुटात खासगी होते. 1927 चा युक्तिवाद आज मीटरच्या पलीकडे उभा आहे आणि त्याला कोणी आव्हान देत नाही.

आणि आपण? हे लिहिताना आम्हाला आपल्याच माणसांकडेही बोट दाखवायचे आहे. आरक्षणाने, शिक्षणाने आपली काही कुटुंबे फ्लॅटमध्ये गेली. आनंद आहे. पण त्यातल्या किती जणांनी सोसायटीच्या सभेत उठून विचारले की कामगारांचा नळ कुठे आहे? 14 एप्रिलला पाणपोई लावणारे आपण, 15 एप्रिलला काच पुसायला आलेल्याला दाराबाहेर उभे करतो की नाही, ज्याचे त्याने पाहावे. आमच्या एका कार्यकर्त्याच्या घरी कामगाराला वेगळा ग्लास निघाला होता. त्याच्याशी आम्ही दोन महिने भांडलो.

दुसरे म्हणजे पर्यावरण हा विषयच आपण त्यांना देऊन टाकला आहे. ‘आपले प्रश्न वेगळे’ असे म्हणून. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खाते सांभाळताना बाबासाहेबांकडे पाणी आणि वीजही होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळातली. नदीचे नियोजन करणाऱ्या माणसाचे अनुयायी आपण, आणि पाण्याच्या चर्चेत आपल्याला फक्त महाडच्या दिवशी बोलवावे लागते! पाणी वाचवा असे म्हणणाऱ्याच्या विरोधात आपण नाही. 2024 च्या टंचाईत बंगळुरूच्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर 5,000 रुपये दंड लावला, तो नियम चुकीचा नव्हता. पण दंड गाडीवाल्याच्या खिशातून जातो की गाडी पुसणाऱ्याच्या पगारातून, हे विचारायला तिथे आपला माणूस हवा.

पोरांनी काय केले ते सांगतो. त्यांच्या टोळीने कंत्राटदाराला सांगितले की पुढच्या प्रत्येक कामाच्या कागदावर चार ओळी हव्यात: पिण्याच्या पाण्याचा नळ, वापरायला संडास, आम्ल वापरायचे असेल तर मोजे आणि चष्मा, आणि पाइपने पाणी मारायची सक्ती नाही. कंत्राटदार म्हणाला, कस्टमर पळेल. काका म्हणाले, “पळू द्या, काच काय पळणार आहे का?” आतापर्यंत तीन इमारतींनी त्या कागदावर सही केली. चौथीने संडासाची ओळ खोडून सही केली. पवईच्या सोसायटीने दुसरा कंत्राटदार आणला.

संडासाची ओळ खोडलेल्या त्या इमारतीत आपल्या समाजाची दोन कुटुंबे राहतात. या रविवारी वंदनेनंतर आम्ही त्यांच्या घरी जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी विहारात साडेदहाला भेटावे.