केसपेपरवर विचारा : फौजेत होता का?

कोडोली, वारणा परिसर, पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्या. फौजेतून परतलेला माणूस इथे नवा नाही. शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो. मिरवणूक निघते, सत्कार होतो. तब्येतीची चौकशी मात्र कोणी करत नाही. फौजी म्हणजे धडधाकट, हे आपण धरूनच चालतो.

गोळीबाराच्या आवाजाने अंतर्कर्णातील नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. उंच पट्टीचे ध्वनी आधी जातात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण गलक्यात शब्द उमगत नाहीत. घरचे म्हणतात, आल्यापासून घुमा झालाय. रोजची पीटी सुटते, जेवण तेच राहते, कॅन्टीनची बाटली हाताशी असते. रक्तदाब आणि साखर गुपचूप वाढतात. उडालेली झोप, चिडचिड, रात्री दचकून उठणे या तक्रारी घेऊन तो स्वतः येतच नाही. त्याची बायको येते, आपली डोकेदुखी सांगायला.

पेन्शनधारक माजी सैनिक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. श्रवणयंत्रही त्यात मिळते. योजना चांगलीच आहे. पण पॉलिक्लिनिक कोल्हापुरात. दुखरे गुडघे घेऊन एका रेफरलसाठी अख्खा दिवस घालवायचा, तर माणूस मेडिकलमधून गोळी घेऊन गप्प बसतो. तातडीच्या वेळी पॅनेलबाहेरच्या दवाखान्यात दाखल झाल्यास ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते, हेही अनेक घरांत माहीत नसते. आज रात्रीच घरच्यांना सांगून ठेवा. झोपेचे किंवा मनाचे दुखणे असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

सरकारी रुग्णालयांनी केसपेपर काढतानाच 'फौजेत होता का?' हे विचारावे. त्याला खर्च नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि ईसीएचएस यांनी महिन्यातून एक दिवस तालुक्यात येऊन कान आणि मन तपासावे. त्याला खर्च आहे, आणि तो करायलाच हवा.

कारण २०२२ च्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात. कायम न होणाऱ्यांना पेन्शन नाही, ईसीएचएसही नाही. पंचविशीच्या आसपासची ही मुले आपले कान आणि गुडघे घेऊन गावच्या ओपीडीतच येणार. त्यांचा खर्च कोणत्या खात्यातून करायचा, हे ती येण्याआधी ठरले पाहिजे.