मायकोरायझा बुरशींच्या जिवंत संग्रहांसाठी कायम तरतूद होणेबाबत निवेदन

प्रति,
मा. महासंचालक,
महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे

विषय : कृषी विद्यापीठे व संलग्न महाविद्यालयांतील मायकोरायझा बुरशींची जिवंत संवर्धने जतन करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मृदा सूक्ष्मजीवशास्त्राचे शिक्षक, पदव्युत्तर विद्यार्थी, रोपवाटिकाचालक आणि शेतकरी उपरोक्त विषयाबाबत सविनय निवेदन सादर करतो.

शेतकरी जिला ‘व्हॅम’ म्हणून ओळखतात, तीच ही बुरशी. ती मुळाच्या पेशीत शिरून झुडपासारखी फुटते आणि तिचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरच्या मातीतून स्फुरद ओढून आणतात. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेल्या स्फुरदाचे काय होते, हे परिषदेला आम्ही सांगायला नको. ज्वारी, तूर, सोयाबीन, कांदा, संत्रा, द्राक्ष या सर्वांच्या मुळांशी तिचे जमते; कोबी-मोहरीच्या कुळाशी मात्र नाही.

अडचण तिच्या जतनाची आहे. ट्रायकोडर्मा पोषक माध्यमावर वाढते, गोठवून वाळवली की कुपीत वर्षानुवर्षे टिकते. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. काही मोजक्या जाती प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांच्या संवर्धनावर वाढवता येतात. बाकीच्यांना कुंडीच लागते. शेतातली माती निर्जंतुक वाळूत मिसळून तीत ज्वारी किंवा मका लावायचा, तीन-चार महिने सांभाळायचा, मग पाणी तोडायचे. वाळलेली माती पाण्यात ढवळून एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून गाळायची. शेवटच्या, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पांढरे, मधाच्या रंगाचे, तपकिरी गोल बीजाणू दिसतात. त्यांतला एकेक वेचून नव्या रोपाच्या मुळाशी ठेवायचा आणि तो रुजेल अशी वाट पाहायची. पुष्कळदा रुजत नाही. एका जातीचे निर्भेळ संवर्धन हाती यायला वर्ष सहज जाते.

नंतरही सुटका नाही. वाळलेली माती शीतकपाटात ४ अंश सेल्सिअसला ठेवली तरी काही जातींचे बीजाणू लवकर निकामी होतात, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा कुंडी भरावी लागते. दोन कुंड्यांतले पाणी एकमेकांत उडाले तर चिवट जात दुसरीला हुसकावून लावते आणि लेबल मात्र जुनेच राहते. कुणी हौसेने सुपर फॉस्फेटची मूठ टाकली, तर झाड तरारते आणि बुरशी रोडावते.

हे काम सध्या प्रकल्पाच्या निधीवर चालते. तीन वर्षांचा प्रकल्प संपला की पाणी घालणाऱ्या रोजंदारी माणसाचे देयक कोणत्या शीर्षाखाली काढायचे, हा प्रश्न उभा राहतो आणि तो सुटेपर्यंत मे महिना उजाडतो. आमच्यापैकी काहींच्या डोळ्यांदेखत एका महाविद्यालयात असा संग्रह गेला. जडवस्तू नोंदवहीत त्याची नोंद ‘मातीच्या कुंड्या, वापरलेल्या’ एवढीच होती. निर्लेखनाच्या वेळी कुंड्या मोजून घेतल्या गेल्या, आतली माती बागेच्या वाफ्यात पडली. नियमाप्रमाणे कुणाचेही चुकले नाही. त्या बुरशींवर प्रबंध लिहिले गेले होते. आज ते प्रयोग पुन्हा करून तपासायचे म्हटले तर बुरशीच नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अमेरिकेत १९८५ साली फ्लोरिडा विद्यापीठात सुरू झालेला आणि आता कॅन्सस विद्यापीठात असलेला ‘इन्व्हॅम’ हा ९०० हून अधिक जिवंत संवर्धनांचा संग्रहही अनुदान संपण्याच्या चिंतेत आहे. तिथे अडचण आली तर तिथून संवर्धन मागवू, हा भरवसा आम्हाला धरता येत नाही. आपल्याकडे दिल्लीत ‘टेरी’कडे मायकोरायझाचा संग्रह आहे, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. या संस्थांचे सहकार्य जरूर घ्यावे. पण विदर्भाच्या संत्राबागेतली आणि कोकणच्या जांभ्या मातीतली बुरशी जिथली तिथे शोधून वाढवणारी माणसे आपल्या विद्यापीठांतच हवीत.

आमची मुख्य मागणी एकच आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली या चारही कृषी विद्यापीठांत जिवंत संवर्धनांसाठी प्रकल्पापासून स्वतंत्र, दरवर्षीचे लेखाशीर्ष असावे आणि त्यातून किमान एक कायम संवर्धन-सहायक नेमावा. इमारत नको, उद्घाटन तर नकोच. सावलीचे शेड, निर्जंतुकीकरणाचे यंत्र, वीज गेली तरी चालणारे शीतकपाट आणि उन्हाळ्याच्या सुटीतही येणारा एक जाणता माणूस, एवढे पुरे.

त्याशिवाय प्रत्येक संवर्धनाची दुसरी प्रत दुसऱ्या विद्यापीठात ठेवावी. कुठल्या गावची माती, कोणते पीक, कधी घेतली आणि शेवटची कुंडी कधी भरली, याची स्वतंत्र नोंदवही असावी. ही संवर्धने जडवस्तू नोंदवहीतून काढावीत. प्रबंधात वापरलेली बुरशी संग्रहात जमा केल्याचा दाखला असल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नये. महाविद्यालयांना प्रात्यक्षिकासाठी नाममात्र शुल्कात संवर्धन मिळावे. आज पुष्कळ विद्यार्थी रंगवलेले मूळ पुस्तकातल्या चित्रातच पाहतात.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये मायकोरायझा जैविक खताचाही समावेश आहे. पुड्यावर छापलेली जात आत खरोखर आहे का, हे पडताळायला खात्रीचे मूळ संवर्धन शेजारी ठेवून पाहावे लागते. ते कुठेच उरले नाही, तर शेतकऱ्याने पुड्यावरच्या छपाईवर विश्वास ठेवायचा, इतकेच.

सध्या कुठल्या महाविद्यालयात किती संवर्धने जिवंत आहेत, याची पाहणी फेब्रुवारीअखेर पूर्ण करावी, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी ती हलवता येतील. या कामी आम्ही विनामोबदला मदत करू. चर्चेसाठी आपण वेळ द्यावा, ही विनंती.

कळावे,

आपले नम्र,
(स्वाक्षऱ्यांची यादी सोबत जोडली आहे.)

प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी सविनय सादर :
मा. कुलगुरू, चारही कृषी विद्यापीठे
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे